रागावायची भाषा

"घरी रागावता कोणत्या भाषेत?"

मूल बोलत नाही म्हणून आईबाप फायली घेऊन यायचे आणि हेमाबेन त्या फायलींना हातही न लावता आधी हे विचारायच्या. सयाजीगंजच्या केंद्रात मी स्पीच थेरपी शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला हसू आलं. हेमाबेननी चष्म्यावरून असं काही बघितलं की ते जागच्या जागी विरलं. "रागावताना शब्द शोधावे लागत नाहीत," त्या समोरच्या आईला म्हणाल्या, "तीच भाषा बाळाला द्या. शाळेचं शाळा बघून घेईल."

हेमाबेन रावपुऱ्यातल्या मोहित्यांच्या. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत सारख्याच फटकळ. आम्हा शिकाऊ मुलींना सुरुवातीला त्यांनी मुलांसमोर तोंडच उघडू दिलं नाही. "मूल बोलायच्या आधी तू गप्प बसायला शिक ने! पोपट आहेस का?" असं चारचौघांत झापायच्या आणि दुपारी "चालो, आधी जमून घ्या, जेवल्याशिवाय काम नाही" म्हणत आपल्या डब्यातले थेपले आमच्या ताटलीत टाकायच्या. मला त्यांची भीती वाटायची. तरी मांजलपूरहून स्कूटर दामटत मी रोज वेळेआधी पोचायचे, ती त्यांच्यासाठीच.

एकदा उज्ज्वलाताई आल्या. बरोबर आठवीतला मुलगा, पार्थ. वाचनात मागे पडतो म्हणून शाळेनं पाठवलं होतं. हेमाबेननी नेहमीचा प्रश्न विचारला.

"मी रागावतच नाही, बेन," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "हा लहानपणी बोलत नव्हता, तेव्हा तुमच्याकडेच आणला होता. तुम्हीच म्हणालात, घरात मराठी बंद, सगळ्यांनी फक्त गुजराती बोला, नाहीतर डोक्यात गोंधळ होईल. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तसं करू. साताऱ्याहून लग्न होऊन आलेली मी. भाजी आणण्यापुरती गुजराती शिकले. रागावायला ती पुरत नाही."

आवाजात तक्रार अजिबात नव्हती. म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

त्या काळी सगळेच असा सल्ला देत. घरात दोन भाषा असल्यानं मूल मागे पडत नाही, हे हेमाबेनना पुढे कळलं, आणि तेव्हापासून त्या तो प्रश्न विचारू लागल्या होत्या. पण जुना सल्ला घेऊन गेलेल्या घरांपैकी तोवर कोणी परत आलं नव्हतं.

"आजपासून मराठीत बोला त्याच्याशी. आत्ता बोला," हेमाबेन म्हणाल्या.

उज्ज्वलाताई मुलाकडे वळल्या. परक्या माणसाशी बोलावं तशा संकोचानं म्हणाल्या, "दमलास का रे, राजा?"

न कळून पार्थनं हेमाबेनकडे बघितलं. "बेन, मम्मी शुं कहे छे?"

हेमाबेन उठून बाहेर गेल्या. पुढे त्यांनी मायलेकांना दर आठवड्याला बोलावलं, जोडीनं बसवलं, दोघांना खेळ दिले. मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. आई दोन वाक्यं बोलून थकायची. काही दिवसांनी ते यायचे बंद झाले. हेमाबेन त्यांच्या घरीही जाऊन आल्या. परतल्यावर त्या दोघांचे खेळ त्यांनी कपाटात ठेवून दिले.

माझं शिक्षण पूर्ण झालं त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला. "आज आपण लोकांना जे सांगतो ने, त्यातलं काय चुकतंय ते अजून दारात आलेलं नाही. येईल तेव्हा ते मूल मोठं झालेलं असेल," त्या म्हणाल्या. धीराचा एक शब्द तरी द्यावा, अशी माझी फार इच्छा होती. तो त्यांच्याकडे उरलाच नव्हता. गेल्या दिवाळीनंतर हेमाबेन गेल्या.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. काल एक तरुण आई आली, मांडीवर न बोलणारं पोर. मी विचारलं, रागावता कोणत्या भाषेत? तिनं उत्तर दिलं. काय करायचं ते मी समजावून सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तसं करू, बेन."