लिफ्टमधली भिशी

लिफ्टमनच्या वाट्याला गोष्टी अर्ध्याच येतात. माणूस तळमजल्यावर तोंड उघडतो अन् चौथ्यावर उतरून जातो. शेवट त्याच्यासोबत गेला! दुसऱ्या दिवशी उरलेली गोष्ट भलत्याच माणसाच्या तोंडून खाली येते. मी जोडत बसतो. जोडताना थोडं मीठ माझ्या पदरचं पडतं, ते चालायचंच.

जालना रोडवरच्या एका मोठ्या दवाखान्यात मी लिफ्ट चालवतो. तुम्ही म्हणाल, बटण तर कुणीबी दाबतं, त्याला माणूस कशाला? व्हय, कुणीबी दाबतं. पण स्ट्रेचर आत घालायचं, सोबतच्या रडणाऱ्याला धरून उभं करायचं, याला बटण पुरत नाय. माझी शाळा सातवीपर्यंत. सातवीनं मला सोडलं, मी तिला नाय. सगळे लिंबाकाका म्हणतात.

तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. तिथं लिफ्ट थांबली की मी मोठ्यानं ओरडायचो, "तिसरा मजला! पगारवाढ! कुणी उतरू नका, संपलीय!" एचआर मॅडम आत असल्या तर जास्तच मोठ्यानं.

हे किस्से आमच्या सिस्टर लोकांनी पुण्याची वाट धरली त्या वेळचे. आज ही चालली, उद्या ती. निरोपाच्या शाली ऑफिसनं घाऊक आणून ठेवल्या होत्या. पण खरी धास्ती एकीचीच होती. वैशाली सिस्टर. चौथ्या मजल्यावर डायलिसिसची मुख्य. ज्यांची किडनी थकली, त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन परत अंगात सोडतात तिथं. त्यासाठी दर खेपेला हातात दोन जाड सुया घालाव्या लागतात. वैशालीनं सुई घातली तरी माणूस बोलता बोलता बोलतच राहायचा, त्याला कळायचंबी नाय. ती गेली तर चौथा मजला बसला, हे वॉचमनलाबी ठाऊक होतं. अन् तिला पुण्याहून बोलावणं आलं होतं.

*

मग मॅनेजमेंटनं 'आर्थिक आरोग्य' नावाचा कार्यक्रम काढला. पैशाची चिंता कमी झाली तर माणूस नोकरी सोडणार नाय, असा विचार. शिकवायला क्षितिज सर नावाचा तरतरीत गडी आला. कुठून? पुण्याहून! आमची माणसं तिकडं चालली होती, म्हणून त्यांना अडवायला तिकडूनच माणूस मागवला.

पहिलं लेक्चर. पडद्यावर रंगीत गोल, गोलाचे तुकडे. सर म्हणाले, "मला एवढंच सांगा, तुमचा पगार जातो कुठे?"

मागं कांतामावशी बसली होती. वॉर्डातली सगळ्यात जुनी आया, रोज करमाडहून बसनं यायची. ती उठली. "सर, पगार येतो तवा मी ड्युटीवर असते. मी घरी जाते तवर तो गेलेला असतो. आमची दोघांची भेटच होत नाय!"

हॉल हसून हसून लोळला. सरबी हसले. वैशाली मात्र हसली नाय. तिचा फोन थरथरत होता. तिनं नंबर बघितला, फोन उलटा करून मांडीखाली ठेवला, अन् पडद्याकडं बघत राहिली.

*

सरांना सल्ला द्यायला एक खोली दिली. कुठं? एचआर मॅडमच्या शेजारी, त्यात काचेचं दार! आत गेलेला माणूस साऱ्या मजल्याला दिसणार. म्हणजे आत शिरायचं अन् जाहीर करायचं, मी अडचणीत हाय. कोण जाईल? सर आपले एकटेच बसायचे, शेजारी बिस्किटाची बशी.

मला दया आली. मी दारावर पुठ्ठा लावला : 'इथे वजन फुकट करून मिळेल.'

अर्ध्या तासात रांग! सर खूश. रांगेत ज्यानं त्यानं बूट-चपला काढून हातात घेतलेल्या, वजन खरं यावं म्हणून. सरांना कळेना, हे देवळात आल्यासारखे का येताहेत. खरं कळल्यावर सगळे मला शिव्या देत पांगले. वॉचमन शेषराव तेवढा थांबला. म्हणाला, "चपला काढल्याच हायेत, तर बोलून घेतो." बसला अन् घरच्या कटकटी सांगितल्या. त्याला बघून दुसरा वळला. मग तिसरी.

शेवटी वैशाली. तीबी वजनालाच आली होती बिचारी. आत गेली ती लई वेळ बाहेर आली नाय. काचेतून पाठ दिसत होती, म्हणून मी दारावरचा पुठ्ठा सरकवून तिच्या पाठीआड लावला.

तिची गोष्ट मला पुढं कळली. नवऱ्याची चितेगावची कंपनी बंद पडली. घराचे हप्ते चुकू नयेत म्हणून एका फायनान्सचं कर्ज घेतलं, ते भागवायला दुसऱ्याचं. वसुलीवाले ड्युटीच्या वेळेतच फोन करायचे. एका हातात सुई अन् खिशात फोन थरथरतोय. पुण्याचा पगार मोठा होता. नवऱ्याला अन् पोरीला इथं ठेवून एकटीनं जायचं, एवढाच काय तो खर्च.

त्या दिवशी लिफ्टमध्ये ती म्हणाली, "काका, तुमच्या वजनकाट्यावर लई भार निघाला."

मी चौथ्याचं बटण दाबलं.

*

आता भिशी. कांतामावशीची भिशी दवाखान्याएवढीच जुनी. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची, बिस्किटाच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्यानं सगळी रक्कम उचलायची. ज्याची नड मोठी, त्याला मागितला तर पहिला नंबर. शेवटचा नंबर त्याचा, ज्याला घाई नाय अन् जो कुठं जात नाय. अन् मावशीचा एक कायदा : भिशी उचलली की फेरा पुरा होईतो नोकरी सोडायची नाय. सोडली, तर मावशी घरी येऊन ओट्यावर बसेल. एकदा एकाच्या ओट्यावर बसली होती, सिल्लोडला. त्यानं चहा दिला, जेवण दिलं, शेवटी पैसे दिले.

क्षितिज सरांनी हे ऐकलं अन् कपाळाला हात लावला. "मावशी, भिशीत व्याज शून्य! कागद नाही, हमी नाही. हे आर्थिक आजारपण आहे."

मॅडमनं लगेच नोटीस काढली. दवाखान्यात भिशी बंद. मावशीनं भांडण केलं नाय. सगळ्यांचं देणंघेणं मिटवलं, डबा घासून पालथा घातला.

महिना उलटला नसेल, राजीनामे सुरू झाले. पहिल्यापेक्षा जास्त! मॅडम लिफ्टमध्ये शिरल्या, चेहरा पांढराफटक. "काका, आपण यांच्या भल्यासाठी एवढं करतोय, तरी का जाताहेत हो?"

"मॅडम," मी म्हणालो, "म्हशीचं दावं तुम्हीच सोडलं. आता म्हशीला विचारता, कुठं चाललीस?"

क्षितिज सर मागं उभे होते. चौथा मजला आला, दार उघडलं, कुणी उतरलं नाय. दार मिटलं.

त्या ढिगात वैशालीचाबी राजीनामा होता. तिला अडवायला तिच्या अंगावरबी आता भिशी उरली नव्हती.

*

राजीनामा दिला तरी महिनाभर काम करावं लागतं. त्यातल्या एका सुट्टीच्या दिवशी वैशाली पुण्यात खोली बघायला निघाली. नेमके त्याच दिवशी बशीरचाचा आले.

चाचा सिल्लोडचे, कापसाचे जुने व्यापारी. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचे अन् दोन्ही वेळेला मला नवी शिवी द्यायचे. त्या दिवशी नवीन सिस्टर होती. पोरगी चांगली, पण हात नवखा. पहिली सुई चुकली. दुसरी तिनं उचलली, तसा चाचांनी हात मागं घेतला.

"रैने दे बेटी. तू भी रोएगी, मैं भी रोऊंगा. मैं जाताऊं घर."

डॉक्टर समजावून थकले. चाचा लिफ्टमध्ये येऊन उभे राहिले. "नीचे ले, लिंबा."

एक खेप चुकली तर काय होतं, मी बघितलंय. अंगात पाणी साचतं, माणूस उशीला टेकून बसून श्वास शोधतो. मी म्हणालो, "चाचा, लिफ्ट बिघडलीय, थोडा टाइम लागेल." दार लावलं अन् वर नेली. मग खाली. मग परत वर. मधल्या थांब्यावर कांतामावशीला खुणेनं सांगितलं, वैशालीला फोन लाव.

चाचा माझ्या स्टुलावर बसले होते. चार-पाच फेऱ्यांनंतर म्हणाले, "लिंबा, बिघडी हुई लिफ्ट इत्ती चलती नै." एरवी यावर मी टाळी मागितली असती. तेबी हसले नाय, मीबी नाय. त्यांच्या पायावर सूज होती. सपात घट्ट झाली होती.

वैशाली पुण्याच्या गाडीत बसली होती. उतरली, रिक्षा केली, प्रवासाच्या बॅगेसकट लिफ्टच्या दारात उभी राहिली. चाचांकडं बघून एवढंच बोलली, "चाचा, तमाशा पुरा झाला? हात द्या."

चाचांनी मुकाट हात पुढं केला. तिथंच, लिफ्टमध्येच!

"इथं नाय, वर चला," ती म्हणाली.

मशीन सुरू झाल्यावर मी विचारलं, "सिस्टर, पुण्याची पुढची गाडी किती वाजता?"

"असतात भरपूर," ती म्हणाली अन् बॅग कपाटात ठेवली.

*

क्षितिज सर हा गडी मी वाईट समजत होतो. तसा नव्हता. काचेची खोली त्यानं सोडली. एक दिवस माझ्याच स्टुलावर येऊन बसला. म्हणाला, "काका, मी इथेच बसतो. माणसं इथेच बोलतात."

"बसा. पण इथं बिस्किटं मिळत नाय."

दिवसभर वरखाली होऊन त्याला भोवळ आली, पण उठला नाय. मग तो मॅडमना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडं गेला अन् म्हणाला, माझ्याकडून चूक झाली. पुण्याहून आलेला माणूस असं म्हणतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं!

त्यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली, दवाखान्यानं जामीन राहून पतसंस्थेतून वैशालीची दोन्ही कर्जं एक करून दिली. व्याज उतरलं, वसुलीचे फोन थांबले. पहिले काही दिवस तीच खिशातून फोन काढून बघायची, बंद तर पडला नाय? दुसरी, भिशीवरची बंदी उठली. वर दवाखाना स्वतः भिशीत बसला. दर महिन्याला आपला वाटा टाकणार, उचलणार कधीच नाय.

कांतामावशीनं मॅडमना विचारलं, "दवाखाना मधीच पळून गेला तर कुणाच्या ओट्यावर बसू?"

"माझ्या," मॅडम म्हणाल्या.

"चहा देता का?"

"देईन हो!"

पण वैशालीचा राजीनामा होता तसाच राहिला. तिनं पुण्याला शब्द दिला होता. शब्द देऊन फिरणारी बाई ती नव्हे. आम्हीबी आग्रह केला नाय. घर चालवायचं तिला होतं, आम्हाला नाय.

*

तिचा शेवटचा दिवस अन् नव्या भिशीचा पहिला दिवस एकच निघाला. खाली हॉलमध्ये शाल, नारळ, पेढे तयार. चौथ्या मजल्यावरून सगळे एकदमच लिफ्टमध्ये शिरले : कांतामावशी डबा घेऊन, मॅडम, क्षितिज सर अन् वैशाली. तिच्या हातात तिच्या कपाटातलं सामान. बशीरचाचा त्यांच्या वेळेच्या आधीच आले होते. निरोपाला खाली जायचं म्हणून तेबी व्हीलचेअरवर आमच्यात.

मी बटण दाबलं.

मावशी म्हणाली, "चिठ्ठ्या खाली काढू. पन पयला नंबर मी आत्ताच सांगते. सगळ्यांचं ठरलंय. पयला वैशालीला."

क्षितिज सर गडबडले. "मावशी, ती तर जातेय! उचलली की जायचं नाही, हा तुमचाच नियम ना?"

"माजाच हाय. मीच मोडते. पुन्याला घर मांडायचंय तिला, रिकाम्या हातानं कशी जाईल? हप्ता तिथून पाठवील."

"आणि नाही पाठवला तर?"

मावशीनं सरांकडं असं बघितलं, की ते भिंतीला टेकले.

चाचा आपल्या हाताकडं बघत होते. मला एक विनोद सुचला होता. मी तो गिळला.

वैशालीनं सामानाची पिशवी खाली ठेवली. पदर नसलेल्या त्या युनिफॉर्मच्या बाहीनंच तोंड पुसलं.

"मावशी, पहिला नको."

"अगं, लाजू नको पोरी. सगळ्यांच्या खुशीनं—"

"पहिला नको. माझा शेवटचा लिहा."

मावशीच्या हातातला डबा कलंडला. "शेवटचा? अगं, शेवटचा तर कुठं न जाणाऱ्याचा..."

"माहितीय. पुण्याला मी कळवते."

दुसरा मजला गेला. पहिला गेला.

"काका," वैशाली म्हणाली, "खाली कुठं घेऊन चाललात? वर घ्या. चाचांची वेळ झालीय."