फाटकाजवळच्या झाडाची तार

शाळेची बाग सांभाळणाऱ्या माळीमामांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. नळ उघडा राहिला की ते पाण्याच्या वतीने भांडत, फांदी मोडली की फांदीच्या वतीने. त्या सकाळी फाटकाजवळच्या झाडाच्या सालीत रुतलेली तार दिसली आणि त्यांचं डोकंच फिरलं. तारेच्या वर खोड सुजलं होतं, खाली बारीकच राहिलं होतं.

“हे तुझंच काम!” ते रखवालदारावर तुटून पडले. “डबा टांगायला तार बांधलीस होय?”

“मामा, माझा डबा खोलीत असतो...”

“वर तोंड करून बोलतोस?”

आरडाओरडा ऐकून मोठ्या बाई ऑफिसातून बाहेर आल्या. “अहो, पण झाड तर हिरवंगार आहे.”

“तिथेच फसतात सगळे! मुळांनी शोषलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, म्हणून पानं हिरवी. पण पानांनी बनवलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. ते इथे अडलंय. मुळं उपाशी मरताहेत बाई! ती मेली की वर थेंबही चढायचा नाही.”

झाडांच्या बाबतीत मामांचा शब्द शेवटचा. बाईंनी रखवालदाराला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मामांनी पकडीने तार तोडली आणि धुसफुसत घरी नेली.

बायकोने ती उलटसुलट करून पाहिली. “ही तर आपली कपडे वाळत घालायची तार! रोपाला टेकू बांधायला तुम्हीच नेलीत. दोन महिन्यांत सोडून आणतो म्हणालात. आठ वर्षं झाली.”

“मग आठवण करायची नाही?” मामा खेकसले.

“दरवर्षी केली. तुम्ही ऐकाल तर ना!”

मामा जेवले नाहीत. एवढा संताप त्यांना आयुष्यात आला नव्हता, आणि या वेळी भांडायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी रखवालदार आपलं सामान न्यायला आला होता. मामा त्याच्याजवळ जाऊन पुटपुटले, “तार मीच बांधली होती रे. बाईंना सांगतो.”

“काल अख्ख्या शाळेसमोर झापलंत,” तो म्हणाला. “आणि आज कानात सांगताय?”

मामांचे कान तापले. त्याला चांगलं सुनवावं असं क्षणभर वाटलंही. मग ते फाटकाच्या मधोमध उभे राहिले.

“तार मी बांधली! झाड मी मारलं! या माणसाचा काही दोष नाही!”

वर्गांच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

“अजून एकदा,” रखवालदार म्हणाला. “मोठ्या बाई फोनवर आहेत.”