दुर्बीण जिथं पोचलीच नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या सर्जन मित्रासोबत रोज दुपारी चहा घेतो, त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीटसं माहीत नाही.

लातुरात मी पोटाच्या दुर्बिणीचा डॉक्टर. आमच्याकडं शिकायला येणारी डॉक्टर मंडळी माझ्याबद्दल एक गोष्ट हमखास बोलतात — सर फार काटेकोर. मोठ्या आतड्याच्या अगदी टोकाला पोचून तिथला फोटो घेतल्याशिवाय सर दुर्बीण मागं घेत नाहीत. पोट नीट साफ झालं नसेल तर पेशंटला परत पाठवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात. हे सगळं खरं आहे. मी ऐकून घेतो. हा काटेकोरपणा कुठून आला, ते त्यांना काय सांगणार?

काशिनाथअप्पांचं उदगीरला भांड्यांचं दुकान होतं. भांड्यांवर नावं घालायचं काम ते स्वतः करायचे. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडं आले ते थकवा घेऊन. "पैलं एका बैठकीत पन्नास नावं घालायचो साहेब, आता चार घातली की हात गळून जातो," म्हणाले. रक्त फार कमी झालं होतं. शौचाच्या तपासणीतही रक्त आलं होतं. मी मोठ्या आतड्याची दुर्बीण करायची ठरवली. टेबलावर निजताना त्यांनी एकच विचारलं — गळ्यातलं इष्टलिंग काढावं लागंल का? राहू द्या, म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आलं. माणूस आपल्यावर सगळा भार टाकून मोकळा होतो ना, तसं.

त्या दिवशी मला नांदेडला जायचं होतं. डॉक्टरांची बैठक होती आणि मी बोलणार होतो — पोट न फाडता, नुसत्या दुर्बिणीतून आतड्यातल्या गाठी कशा काढायच्या यावर. नवी पद्धत होती, आमच्या भागात ती करणारे थोडेच होतो. खरं सांगतो, मला त्या टाळ्यांची ओढ लागली होती. गाडी खाली उभी होती.

दुर्बीण डावीकडून वर गेली, आडव्या आतड्यातून पुढं सरकली आणि उजव्या वळणावर अडली. तिथं पोट साफ झालेलं नव्हतं. आतड्याला पीळ पडत होता, अप्पा गुंगीतही कण्हत होते. अशा वेळी काय करायचं असतं? पेशंटला कुशीवर वळवायचं, सिस्टरला पोट हातानं दाबून धरायला सांगायचं, पाणी सोडून धुवायचं, थांबायचं. वीस मिनिटं जातात, कधी अर्धा तास. नाहीच जमलं तर तपासणी अपुरी राहिली असं लिहायचं आणि परत बोलवायचं. यात लाज कसली? कुणाचंही होतं असं.

सिस्टरनं विचारलं, "झालं का सर?"

मी म्हणालो, "झालं."

पण झालं नव्हतं. शेवटचा वीतभर भाग मी पाहिलाच नव्हता. आणि अहवालात लिहिलं — टोकापर्यंत तपासणी केली, दोष आढळला नाही, मूळव्याध आहे. सही केली. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. नांदेडला माझं भाषण छान झालं.

चौदा महिन्यांनी अप्पा परत आले. अर्धे झाले होते. उजव्या कुशीत हाताला गाठ लागत होती. पुन्हा दुर्बीण केली — या वेळी थांबलो, वळवलं, धुतलं. त्या वळणाच्या जरा पलीकडंच गाठ होती. आतड्याचा रस्ता जवळजवळ बुजवून बसलेली.

मुलगा महेश बाहेर उभा होता. मी सांगितलं, कॅन्सर आहे. तो म्हणाला, "साहेब, मागच्या बारीला दिसलं नव्हतं का हो?"

रागानं नाही विचारलं त्यानं. त्याला खरंच कळत नव्हतं. बोलायची वेळ हीच होती, आणि ते मला त्या क्षणीही कळत होतं.

मी म्हणालो, "तेव्हा नव्हतंच ते. काही गाठी फार झपाट्यानं वाढतात."

स्ट्रेचरवरून अप्पांनीच मुलाला दटावलं. "साहेबांनी पार शेवटपर्यंत बघितलंय रे. कागदावर लिवलंय की."

नांदेडला ऑपरेशन झालं. पण आजार यकृतात पसरला होता. आठ महिन्यांत अप्पा गेले. मी उदगीरला भेटायला गेलो. बसलो, पाणी प्यालो, दोन शब्द बोललो. लोकांनी म्हटलं, एवढा मोठा डॉक्टर घरी आला.

बापाला हा आजार असला की मुलांचीही तपासणी करावी लागते. मीच महेशला बोलावलं. तोवर आमच्याकडं नवं यंत्र आलं होतं. पडद्यावरचा उजेड निळसर करता येतो, साध्या उजेडात न दिसणारी चपटी गाठसुद्धा उठून दिसते. महेशच्या आतड्यात तशी एक होती. तिच्याखाली औषध टोचून ती फुगवली, तारेच्या फासात धरून काढून टाकली. ना टाका, ना चिरा. गाठ तपासायला पाठवली. कॅन्सर झालेला नव्हता, पुढं झाला असता.

तो अहवाल न्यायला काकू — महेशची आई — स्वतः आल्या. हात जोडून म्हणाल्या, "त्यांच्यासाठी बी तुमी लई केलाव साहेब. त्यांच्या नशिबातच नव्हतं. माझं लेकरू मात्र तुमच्यामुळं वाचलं."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "काकू, पुढची तपासणी चुकवू नका."

घाई होती, दमलो होतो — असलं काही मी सांगणार नाही. ती तपासणी मी अर्धी सोडली. खोटं मी लिहिलं. तोंडावर विचारलं तेव्हाही खोटंच बोललो. वेळेत ती गाठ दिसली असती तर अप्पा वाचले असते का? बहुधा वाचले असते. मी डॉक्टर आहे, मला हे कळतं.

महेश अजून तपासणीला येतो. आला की आधी वाकून माझ्या पाया पडतो. मी पडू देतो.