माझ्या छतावरून काढलेला फोटो

नऊ मे. पहाटेच गव्हाचा चीक शिजवून झाला होता, आता कुरडया घालायच्या होत्या. जुनवानीत आम्ही विदर्भातून या हिंदी मुलखात आलेल्या बायका उन्हाळ्यात पाळीपाळीने एकमेकींकडे जातो. एकटीने हे काम होत नाही. त्या दिवशी पाळी माझी होती आणि मदतीला माझी मैत्रीण आली. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही बावीस वर्षं शेजारी राहिलो, पुढे घरंही एकाच गल्लीत बांधली. सोऱ्या दाबण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

सीमेवर लढाई सुरू होती. फोनवर दर पाच मिनिटांनी कुठलं तरी शहर जिंकलं जात होतं. संध्याकाळी आमच्याकडे दिवे बंद ठेवण्याचा सराव व्हायचा होता. चार वाजता कुरडया बऱ्यापैकी वाळल्या, तेव्हा मी छतावरून एक फोटो काढून बायकांच्या ग्रुपवर टाकला. मागे टेलरभाईचं घर दिसत होतं. खाली दुकान, वर तो राहतो. आमच्या दोघींच्या मुलींचे शाळेचे ड्रेस त्यानेच शिवले. गल्लीतलं मुसलमानाचं घर ते एकच. त्याच्या छतावरच्या पत्र्यावर ऊन चमकत होतं.

सराव संपला, दिवे लागले आणि तोच फोटो ग्रुपवर परत आला. कुरडया कापलेल्या, आभाळ काळं केलेलं. पत्र्यावरची चमक आता दिव्यासारखी दिसत होती. खाली लिहिलं होतं की अंधार पाळायच्या वेळी या छतावरून शत्रूला इशारे चालले होते, असल्या लोकांना ओळखा. पाठवणारी माझी मैत्रीण. ग्रुपही तिचाच, आणि आता तिच्याशिवाय कोणाला तिथे लिहिता येणार नाही अशी सोय तिने करून ठेवली होती.

मी चपला घातल्या आणि तिच्या घरी गेले.

"हा फोटो चार वाजताचा आहे. तू माह्या बाजूले उभी होती."

"होती ना."

"मग अंधारातला म्हणून कावून टाकला?"

"अवो, लोक जरा सावध तं राहतीन. त्याच्याकडे रोज कोण कोण येते, तुले माहीत आहे का?"

"पॅन्ट ढिली करणारे येतात. तुहा नवराही जाते, पोट सुटलं म्हणून."

ती हसली. मला वाटलं, मिटलं.

"तू व्हिडिओ पाहत नाही," ती म्हणाली. "असेच लोक आतून खबरा देतात."

"कोणते व्हिडिओ? काल जळतं बंदर दाखवलं, ते मोबाइलच्या खेळातलं निघालं. तुह्याच जावयानं सांगतलं."

"एखादं खोटं असन. सगळंच नसते."

"हे खोटं आहे. अन् हे तू केलं."

"देशासाठी एवढं चालते. त्या टेलरचा एवढा पुळका कावून वो तुले? आमी परके अन् तो सगा?"

न कळून पाठवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तिला सगळं कळत होतं. फोटो काढताना तिने मलाच सांगितलं होतं, जरा डावीकडून घे, कुरडया नीट येतील. तो काढून टाक म्हटलं तर तिने फोन ब्लाउजमध्ये खोचला आणि भात लावायला उठली. दारापर्यंत तिचा नवरा आला. चौकातल्या लोकांनी उद्यापासून टेलरला दुकान उघडू द्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणाला. सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळी साडेसहाला मी टेलरभाईकडे गेले. तो शटर अर्धं वर करून उभा होता.

"भैया, वो फोटो मैंने खींचा था."

"जानता हूँ, दीदी. मेरा टीन ऐसा आपकी ही छत से दिखता है."

म्हणजे रात्रभर तो मलाच दोषी धरून बसला होता. मी अख्खा फोटो उघडून त्याच्यापुढे धरला. ऊन, कुरडया, चारची वेळ, कोपऱ्यात मैत्रिणीचा हात. त्याने पाहिला आणि फोन परत दिला.

"मुझे क्या दिखाती हैं? उनको दिखाइए."

मी गल्लीच्या टोकाला गेले आणि पहिल्या घराची बेल दाबली.