पायांवरचं पाणी

१९७३ चा मे महिना. हातातलं काम: माझ्या धाकट्या लेकीला बाजेवर बसवून आंघोळ घालणं आणि खालच्या परातीत पडलेलं पाणी धुण्यासाठी राखणं. परात जराशी सरकली, अंगणात एक ओघळ गेला, आणि कुंपणापलीकडून आवाज आला, "कुठं निघालं?"

प्रश्न मला नव्हता, पाण्याला होता. पाणी सांडलेलं दिसलं की शेजारची आक्का माणसाला बोलत नसे, पाण्यालाच दरडावी. अशी माणसं तुमच्याही आळीत असतील. आक्का आता नाही, पण तांब्या विसळताना माझा हात अजून आखडतो.

ती धनगराघरची. नवरा वारला, मेंढरं विकली, मागे उरली लग्नाची लेक आणि एक शेळी. मायलेकी दुष्काळी कामावर खडी फोडायच्या. आमचं गाव शिरूरच्या कोरड्या अंगाला. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीनं हंडा भरावा लागे, आणि त्यालाही पाळी लावावी लागे.

आक्काकडे एकच पाणी दिवसभर राबायचं. आंघोळीचं धुण्याला, धुण्याचं सारवायला. भांडी राखेनं घासून नुसती पुसायची. कुणी नाक मुरडलं की म्हणायची, "मेंढरामागं हिंडताना आठ-आठ दिस तोंड धुतलं न्हाई. गळून पडलं का तोंड?"

तिचा खरा हट्ट मात्र निराळा. आपल्याकडे पाहुणा दारात आला की आधी पायांवर पाणी, मग बोलणं. आक्कानं ते बंद केलं होतं. "प्यायला मागा, हंडा उपडा करीन. पायावर घालायला थेंब न्हाई." असं म्हणून ती जुन्या घोंगडीचा तुकडा पुढे करायची. भावाला तेच, गावच्या पाटलांना तेच.

त्याच आठवड्यात लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. दौंडकडचे, कालव्याच्या पाण्यावरचे. आधीची स्थळं 'खडी फोडून हात राठ झालेत' म्हणून परतलेली. हे स्थळ जुळायलाच हवं होतं, आणि ते आक्काइतकं कुणाला कळत नव्हतं. तरी मी बजावलं, "आक्का, त्या दिवशी तरी दारात पाणी ठेवा."

"त्यांना दिलं तर उद्या कुनाला न्हाई म्हनू, मास्तरीणबाई?"

पाहुणे आले. मुलाचा मामा पुढे. पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं पांढरे. तो उंबऱ्याशी थांबला. आक्कानं घोंगडीचा तुकडा दिला. त्यानं तो चिमटीत धरला, मेलेला उंदीर धरावा तसा.

"ह्ये काय?"

"पाय पुसा, मामा. बसा. प्यायला पानी आनते."

"आवो, आमच्याकडं पाटानं पानी वाहतंय. तुमच्यात पाव्हन्याच्या पायावर तांब्याभर पडंना?"

"तुमच्याकडं वाहतंय म्हनून तर लेक द्यायला निघाले. हितं असतं तर येवढ्या लांब कशाला दिली असती?"

मुलाला हसू आलं. मामानं त्याच्याकडे पाहिलं, तसं ते विझलं. मी पळत जाऊन माझ्या घरातून भरला तांब्या आणला. आक्कानं तांब्याच्या तोंडावर पंजा ठेवला. "ह्ये तुमच्या लेकरांचं प्यायचं हाय, बाई." मग मामाकडे वळून, "येवढ्यापायी बाया हिरीत उतरत्यात. प्या पोटभर. पायावर न्हाई."

मामानं तुकडा उंबऱ्यावर टाकला. पाहुणे आल्या पावली परत गेले. मुलगा वळून वळून बघत होता, पण गेला.

आक्का आत वळून लेकीला म्हणाली, "रडतीस का गं?"

"न्हाई," लेक म्हणाली. "रडले तर त्यालाबी इचारशील, कुठं निघालं."

आक्का हसली आणि घाईघाईनं शेळीकडे गेली. शेळीचं एवढं काय काम होतं कोण जाणे. बराच वेळ परतली नाही.

संध्याकाळी विहिरीवर तोंडं सुटली. "लेकीपरीस पानी मोठं झालं हिला." "आता कोन पाय ठिवतंय तिच्या दारात?" घराला नाव पडलं की ते एसटीच्या आधी पुढच्या गावात पोचतं. लेकीचं पुढे चांगलं झालं, पण त्या संध्याकाळी ते कुणाला ठाऊक होतं? एका घरानं पाणी राखलं तर तो चिकटपणा. सगळ्या आळीनं राखलं तर कुणाकडे बोट दाखवणार?

मी हंडा खाली ठेवला. "उद्यापासून माझ्याही दारात पाय धुवायला पाणी नाही. तुम्हाला पुरून उरत असेल तर खुशाल घाला."

बाया हंडे उचलून चालू लागल्या. बोलून मोकळं होणं सोपं असतं, हे त्यांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं माझे थोरले दीर आले. सासरी त्यांचा शब्द शेवटचा. ते माझ्याशी सरळ बोलत नसत. दारात उभे राहून अंगणाला म्हणाले, "पाय धुवायला पाणी?"

बाया आपापल्या दारांत येऊन थांबल्या. आक्का उंबऱ्यात बसून लेकीची वेणी घालत होती. तिनं मान वर केली नाही.

मी एक धडुतं दोन्ही हातांनी दिरांपुढे धरलं. "पुसून घ्या, भाऊजी. ह्या आळीत पायांवर पाणी घालत नाहीत." आणि त्यांच्या उत्तराला न थांबता प्यायचं पाणी आणायला आत गेले.