एक पंप, दोन झरे आणि वारज्याची खोली

पुण्यात शिवाजीनगरला एसटीतून उतरले तेव्हा वर्षभराची वही छातीशी धरलेली होती. आमच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांच्या गावात वाड्या दोन, झरे दोन आणि पंप मिळणार एकच. त्यावरून वाड्यांचं बोलणं बंद झालं. माझी लेक खालच्या वाडीत दिलेली, तिचं येणंजाणंही तुटलं. शेवटी ग्रामसभेने ठरवलं, बायकांनी रोज दोन्ही झऱ्यांवर एकेक हंडा भरायचा, किती मिनिटं लागली ते लिहायचं. उन्हाळ्यात टिकेल त्या झऱ्यावर पंप. मी सभेची सचिव, राहते वरच्या वाडीत. आमचाच झरा टिकणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

वहीतल्या आकड्यांचं चित्र काढून घ्यायला मी अमोलकडे निघाले होते. शहरातल्या बसमध्ये कंडक्टरला म्हटलं, "वारजं आलं की सांगा."

"सांगतो. घरापर्यंत सोडायलाही येऊ?"

पुन्हा विचारायची माझी काय बिशाद! दोन थांबे पुढे गेले आणि तंगडतोड करत मागे आले.

अमोल नागपूरकडचा, आयटी कंपनीतला, वारज्यात खोली घेऊन राहणारा. एकदा भटकंतीत आमच्याकडे मुक्कामाला होता. त्याने आधी तर्रीपोहे (वर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाऊ घातले. मग मी आकडे वाचले, त्याने संगणकात भरले.

"ताई, तुमच्याकडे तर उन्हाळ्यात पाणी वाढते!"

मी वाकून पाहिलं. पडद्यावरच्या दोन्ही रेघा चैत्रात वर चढलेल्या. हे चित्र नेलं असतं तर वहीवर कोणी विश्वास ठेवला असता? पुन्हा भांडण, पुन्हा लेक परकी. मग एकदम डोक्यात उजेड पडला.

"अरे बाबा, ही मिनिटं आहेत! धार बारीक झाली की हंड्याला वेळ जास्तच लागणार ना?"

अमोलने कपाळावर हात मारला. तासाला किती हंडे, असा हिशोब त्याने नव्याने मांडला. रेघा खाली आल्या. हुश्श! पण नीट पाहिलं तर वैशाखात आमची पार तळाला टेकलेली, खालच्या वाडीची टिकलेली. दोनदा तपासायला लावलं. तेच.

गावी परतल्यावर तो कागद सभेत भिंतीला लावला आणि सगळं खरं ते सांगितलं. पंप खालच्या झऱ्यावर, असा ठराव आला. आमच्याकडे हात वर करत नाहीत, घरटी एकाने तोंडाने 'हाय', म्हणजे मान्य आहे, असं म्हणायचं. एक घर गप्प राहिलं तरी ठराव अडतो. सगळ्यांचं झालं, माझं उरलं. निम्मे आकडे माझ्याच हातचे, त्यांना खोटं कसं म्हणू?

"हाय," म्हटलं.

लेक बायकांतून उठून जवळ आली. "आये, आता पान्याला रोज आमच्याकडंच यावं लागंल तुला," म्हणाली आणि हसली. मला तर रडूच फुटलं.