तिरपं चर्च

आज पाळी संपवून पाय ओढत येत होतो. चर्चच्या आवारात नव्या खोलीचा पाया आखायला चुन्याची फक्की मारत होते. त्या वासाने थांबलोच.

सातवीत शाळा सोडून जालन्याहून बोईसरला आलो, तेव्हा पाळकसाहेबांनी मला इथल्याच शेडमध्ये आसरा दिला. तेव्हा चर्च बांधायला काढलं होतं. वेदी पूर्वेला हवी म्हणाले, म्हणून ऐन थंडीत मी उगवत्या सूर्याच्या रोखाने फक्की मारली. पाया खणून झाल्यावर गवंडी म्हणाला, "चर्च तिरपं झालं हाय. थंडीत सूर्य दक्षिणेला सरकतो, तुमच्याकडं नाय काय सरकत?"

आता आसरा गेला, असं वाटलं. पाळकसाहेब म्हणाले, "राहू दे. सूर्य तिथूनच उगवला ना?"

नाताळात सकाळचं ऊन मागच्या खिडकीतून नेमकं वेदीवर पडतं. जुन्यांनी किती विचार करून बांधलं, असं लोक म्हणतात. मी अजून गप्पच आहे.